रतनचा कोपरा

ठाणा (जवाहरनगर)
१२ नोव्हेंबर २०२४

श्री. श्यामरावभाऊजी यांस नमस्कार.

सात वर्षांनी माझं अक्षर पाहून दचकू नका. फोन केला असता, पण क्लबातला कैलाश म्हणाला की तुम्हाला आता फोनवर ऐकू येत नाही. आणि मोबाइलवर बोटाने टाइप करून भांडणं मला जमत नाही. भांडायचं तर कागदावर.

चंद्रकांता गेली तेव्हा मी आले नाही. त्याबद्दल मला काही लिहायचं नाही. माझा प्रश्न एकच आहे. तिची बॅट तुम्ही कोणाला दिलीत?

मी अजून रोज संध्याकाळी चार ते सहा फॅक्टरी कॉलनीच्या क्लबात टेबल टेनिस खेळायला जाते. सदुसष्टाव्या वर्षी बाकीच्या बायका देवळाच्या पायरीवर सुनांचा उद्धार करतात, मी चेंडू बडवते. गेल्या महिन्यात तिथे खुशबू नावाची एक मुलगी येऊ लागली. वीस-एकवीसची असेल, फॅक्टरीत नव्याने लागली आहे. पहिल्या दिवशी मी पाठमोरी बसून बूट बांधत होते आणि मागून आवाज आला. आमच्या गुळगुळीत रबराचा आवाज टणक असतो. लांब पिंपलचं, म्हणजे उभ्या दाण्यांचं रबर मात्र चेंडू गिळल्यासारखं, गादीवर पडल्यासारखं वाजतं. त्या क्लबात तो आवाज फक्त एका बॅटचा होता. मी वळलेच नाही. बुटाची नाडी तीन वेळा बांधली.

ती मुलगी सर्व्हिसआधी टेबलाखाली बॅट दोनदा फिरवते. जाळीच्या डाव्या बाजूला तळहात पुसते. चेंडू माझ्या उजव्या कोपराच्या रेषेत टाकते, जिथे फोरहँड घ्यावा की बॅकहँड हे मला आयुष्यात ठरवता आलं नाही. हे माझं दुखणं जगात एकाच बाईला माहीत होतं.

त्या बाईने शेवटच्या मॅचनंतर माझ्याशी हातही मिळवला नव्हता. हरणं काहींना पचत नाही. असो. पण तिची बॅट अशी कोणाच्याही हातात देणं मला बरं वाटलं नाही, म्हणून लिहिलं.

रत्नमाला

*

साकोली
२० नोव्हेंबर २०२४

आदरणीय रत्नमालाताईंना श्यामरावचा नमस्कार.

पत्र भेटलं. पुतण्या धर्मेंद्रनं वाचून दाखवतो म्हटलं, मी म्हटलं कान गेले आहेत, डोळे नाही.

बॅट कोणाला दिली नाही ताई. ती इथंच आहे, माझ्या कपाटात, चंद्रकांताच्या शालीखाली. तुमचं पत्र आलं त्या दिवशी मुद्दाम काढून पाहिली. मुठीवरचा कपडा तिच्या घामानं काळा झाला आहे, तसाच आहे. एका बाजूले लाल, एका बाजूले काळी पिंपलची. रबर आता कडक झालं.

तर त्या पोरीच्या हातातली बॅट ती नाही. दुसरं मले काही सांगता येत नाही.

पिंपलवाल्यासोबत खेळताना तुम्ही अजूनही घाई करत असाल. चंद्रकांता म्हणायची, "रतनले घाई कायची असते वो? चेंडू काय बस आहे, सुटून जाईल?" तुम्ही जितकी फिरकी देऊन माराल तितकीच ती उलटी होऊन तुमच्या अंगावर येईल. पिंपल स्वतःचं काही देत नाही, तुमचंच तुम्हाले परत करते. बिनफिरकीचा चेंडू द्या, लांब आणि हळू, आणि थांबा.

तब्येत सांभाळा.

श्यामराव

*

ठाणा
२८ नोव्हेंबर २०२४

श्यामरावभाऊजी,

सल्ला विचारला नव्हता, तरी करून पाहिला. लांब, हळू, बिनफिरकीचा दिला. पाच-सहा चेंडू ती गोंधळली. मग तिने टेबलाखाली बॅट उलटी केली आणि त्याच चेंडूवर लाल बाजूने सपकन फोरहँड मारला. चंद्रकांतासुद्धा दर सहाव्या-सातव्या चेंडूला हेच करायची. मी मोजत होते. सातवा होता.

हरले. तीन-एक.

तिला कोणी शिकवलं हे मी विचारलेलं नाही. हरलेल्या माणसाने चौकशा केल्या की सबब शोधल्यासारखं दिसतं. शिवाय मला उत्तर नको आहे, हे तुम्हाला लिहायला हरकत नाही. दुपारी भांडी घासताना वाटीवर पाणी पडतं, तोच आवाज होतो. परवा शाळेतली जुनी वही चाळत होते, त्यात मुलांच्या मार्कांऐवजी आमच्या मॅचचे गुण लिहिलेले, ९-११, ११-८. तीस वर्षं आम्ही दोघी रोज खेळलो. ती फॅक्टरीतून यायची, मी शाळेतून. आता पलीकडे तिचे हात आहेत आणि चेहरा कोणाचा तरी दुसराच. मी त्या मुलीच्या चेहऱ्याकडे पाहतच नाही.

नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनी मला हा खेळ शिकवला. टेबलाला चिकटून उभं राहा, चेंडू वर येताच मारा, समोरच्याला विचार करू देऊ नका. भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्या मुलीला त्या जेवताना वेगळं बसवत. तर मी भूत हा शब्द वापरत नाही. पण तुम्हीही काहीतरी लपवता आहात. "दुसरं मले काही सांगता येत नाही" हे वाक्य माझ्या वर्गातली मुलं खिडकीची काच फुटल्यावर म्हणत.

रत्नमाला

*

साकोली
९ डिसेंबर २०२४

आदरणीय ताई,

उशीर झाला. धान काढणीच्या दिवसांत धर्मेंद्र घरी नसतो आणि पोस्टापर्यंत माझे गुडघे जात नाहीत.

लपवतो असं नाही. कोणाले शब्द दिला आहे. तुम्ही त्या पोरीलेच विचारा ना. चांगली पोरगी आहे.

आणि एक सांगतो, खेळातलं. ती कोपरावर चेंडू टाकते तेव्हा तुम्ही जागेवर उभ्या राहून हात वाकवता. हात नाही, पाय हलवा. डाव्या पायानं अर्धं पाऊल बाजूले व्हा, मग तो चेंडू फोरहँडचा होऊन जाते. चंद्रकांताले हे माहीत होतं. ती मले नेहमी म्हणायची की रतननं एक दिवस पाय हलवला की माझं दुकान बंद. पण तिनं तुम्हाले कधी सांगितलं नाही. समोरच्याले कोण सांगते?

श्यामराव

*

ठाणा
२२ डिसेंबर २०२४

श्यामरावभाऊजी,

"चांगली पोरगी आहे" असं तुम्ही लिहिलंत. मी तर ती चांगली आहे असं कुठेच लिहिलं नव्हतं. म्हणजे तुम्ही तिला ओळखता. इंग्रजी शिकवण्यात चौतीस वर्षं गेली, दोन ओळींमधलं वाचता येतं मला.

पण लिहायचं कारण वेगळं आहे. काल जे झालं ते मी कोणालाच सांगितलेलं नाही.

काल मी डावा पाय हलवला. जमलं. दोन गेम जिंकले. तिसऱ्यात ती अडचणीत आली, घाम पुसला, जाळीजवळ तळहात घासला, आणि सर्व्हिसआधी हळूच, स्वतःशीच म्हणाली, "चल वो रतन."

भाऊजी, क्लबात मला सगळे मॅडम म्हणतात. माझं नावदेखील तिथे कोणाला माहीत असेल की नाही शंका आहे. रतन म्हणणारी एकच होती. आणि नेमकं असंच म्हणायची, अडचणीत आली की. "चल वो रतन." जशी मी रस्त्यात रेंगाळले आहे आणि तिला उशीर होतोय.

मी बॅट टेबलावर ठेवली आणि घरी आले. थंडीत पंखा लावून बसले होते, कारण घरात दुसरा कसलाच आवाज नव्हता.

मुलीला विचारायचं धाडस मला नाही. तुम्हाला विचारते. तुम्ही ज्या कोणाला शब्द दिलाय ती आता नाही. मी आहे, अजून तरी.

रत्नमाला

*

साकोली
३ जानेवारी २०२५

ताई,

शब्द चंद्रकांताले दिला होता. "रतनले काही सांगायचं नाही. आपल्या पायानं आली तर येऊ द्या." पण तुम्ही घाबरलेल्या दिसता, आणि चंद्रकांताले तुम्हाले घाबरवायचं नव्हतं. म्हणून तोडतो.

रिटायर झाल्यावर आम्ही साकोलीले आलो असं तुम्हाले वाटलं असेल. साकोलीले मी ती गेल्यावर आलो. आधीची पाच वर्षं आम्ही आंधळगावात होतो, तिच्या माहेरी, भाऊ पुंडलिकरावच्या ओसरीवर. मी प्लायवूडचं टेबल बनवलं. धानाची पोती सरकवून ते मांडायचं आणि गावातल्या पोरी शिकायच्या. खुशबू त्यातली पहिली. तिची बॅट चंद्रकांतानं स्वतः रबर चिकटवून दिलेली आहे, अगदी आपल्या बॅटसारखी.

पण तिथं चंद्रकांतासमोर खेळायले कोणी बरोबरीचं नव्हतं. मग ती टेबलाचा अर्धा भाग उभा करायची, भिंतीसारखा, आणि त्या फळीवर चेंडू मारत राहायची. त्या फळीवर तिनं वर ऑइलपेंटनं नाव लिहिलं, रतन. खाली खडूनं गोल काढले. इथून रतन मारते. इथं रतनले चेंडू सापडत नाही. तो उजव्या कोपराचा गोल, त्याले पोरी "रतनचा कोपरा" म्हणतात. प्रत्येक पोरगी आधी फळीशी खेळते, मग माणसाशी. अडचणीत आलं की सर्व्हिसआधी "चल वो रतन" म्हणायची तिथं रीतच झाली. पोरींनी चंद्रकांताचं ऐकलं आणि उचललं.

रतन कोणी खरी बाई आहे हे खुशबूले माहीत नाही. तिच्यासाठी रतन म्हणजे समोरचा.

म्हणून घाबरू नका. ती चंद्रकांता नाही. चंद्रकांतानं शिकवलेली आहे एवढंच.

श्यामराव

*

ठाणा
२७ जानेवारी २०२५

श्यामरावभाऊजी,

तुमच्या पत्राने मला धीर येईल असं तुम्हाला वाटलं असणार. तुमचं पत्र वाचून तीन आठवडे मी क्लबात गेले नाही. आतापर्यंत वाटत होतं की चंद्रकांता माझा पाठलाग करते आहे. आता कळलं की पाच वर्षं आंधळगावच्या ओसरीवर भूत होऊन मीच उभी होते, नावासकट, आणि मला पत्ता नव्हता.

काल सव्वीस जानेवारीच्या स्पर्धा होत्या. नाव आधीच दिलेलं, म्हणून गेले. बायकांची फायनल माझी आणि खुशबूची. मोजायला खुर्चीत तोच कैलाश. पाचवा गेम. दहा-नऊ, ती पुढे.

इथे थांबून एक गोष्ट लिहायची आहे. ती सात वर्षांपूर्वीच लिहायला हवी होती.

२०१८ च्या फायनललाही पाचवाच गेम होता, दहा-नऊच होते आणि चंद्रकांता पुढे होती. तिचा चेंडू माझ्या डाव्या मागच्या कोपऱ्यावर आला आणि टेबलाच्या वरच्या कडेला चाटून खाली गेला. वरच्या कडेला लागला तर एज, गुण तिचा, मॅच तिची. खालच्या बाजूला लागला तर साइड, गुण माझा. कैलाशला त्याच्या खुर्चीतून तो कोपरा दिसत नाही. आपल्या क्लबाची रीत तुम्हाला माहीत आहे, ज्याच्या बाजूला लागला त्यानेच सांगायचं. त्याने विचारलं, "मॅडम?" आणि मी म्हणाले, "साइड."

एज होता. मी पाहिला होता. चेंडूने दिशा बदलली होती. दहा-दहा झाले आणि मी बारा-दहाने जिंकले. चंद्रकांताने हात मिळवला नाही, आणि तिला हरणं पचलं नाही असं मी गावभर सांगत राहिले. तुम्हालाही पहिल्याच पत्रात तेच लिहिलं.

आता कालचं ऐका. दहा-नऊ. खुशबूचा चेंडू त्याच कोपऱ्यावर आला. त्याच. कडेला चाटला. कैलाश म्हणाला, "मॅडम?"

मी तोंड उघडलं. मी "एज" म्हणणार होते. हे मी तुम्हाला लिहिते आहे खरी, पण शपथ घ्यायला सांगाल तर घेणार नाही. किती वेळ गेला माहीत नाही. तेवढ्यात ती मुलगीच हसून म्हणाली, "जाऊ द्या, रतनले दिला. दहा-दहा."

मी ओरडले, "एज आहे! तिचा गुण आहे!" कैलाश म्हणाला, "तिनं सोडला मॅडम, आता खेळा." मी मुलीला म्हटलं, "परत घे." ती म्हणाली, "आमच्याकडे शंका आली की रतनले द्यायचा असते. दिलेला परत नाही घेत."

मग मी मुद्दाम हरायचं ठरवलं. पण हात ऐकेना. डावा पाय आपोआप हलला, चेंडू फोरहँडवर आला, आणि मी बारा-दहाने जिंकले. बक्षीस म्हणून तीन कप्प्यांचा स्टीलचा डबा मिळाला. तो दारामागे ठेवला आहे. आत काय ठेवू?

मला सांगा, शंका आली की रतनला द्यायचा, हा नियम तिने का केला? मला लाज वाटावी म्हणून? तसं असेल तर तिला यश आलं.

रत्नमाला

*

साकोली
६ फेब्रुवारी २०२५

ताई,

हे पत्र लिहायले बसलो आणि दोनदा उठलो.

२०१८ च्या त्या दिवशी मी तुमच्या डाव्या कोपऱ्यामागंच उभा होतो. हातात चंद्रकांतासाठी पाण्याचा ग्लास होता. चेंडू कडेले लागला ते मलेही दिसलं. कैलाशनं तुम्हाले विचारलं तेव्हा चंद्रकांतानं तुमच्याकडे नाही पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. आणि मी ग्लासाकडे पाहिलं. नवरा बायकोच्या बाजूनं बोलला असं लोक म्हणतील, एवढंच मनात आलं.

ती मॅच झाल्यावर तुमच्यावर रागावली नव्हती. माझ्याशी मात्र आठ दिवस नीट बोलली नाही. तुमच्याबद्दल म्हणाली, "रतन येईल. तिले खरं बोलायले दोन दिवस लागतात." दोन दिवस वाट पाहिली. मग होळी झाली, मग आम्ही कॉलनी सोडली. मग ती हे म्हणणं सोडून फळीवर नाव लिहून मोकळी झाली.

नियमाचं मी तिले विचारलं होतं. म्हटलं, आपल्या पोरींचे गुण त्या फळीले कायले देतेस? म्हणाली, "तिले तो गुण लागते. आपल्याले नाही लागत." रागानं नाही म्हणाली. धान निवडत होती, तसं म्हणाली.

लाज वाटावी म्हणून केलं का, मले नाही वाटत. पण माझंही ऐकू नका. मी तर ग्लासाकडे पाहणारा माणूस आहे.

धर्मेंद्र पुढच्या आठवड्यात भंडाऱ्याले येते आहे. त्याच्या हाती बॅट पाठवतो. मी मेल्यावर ती कपाटात राहील. तुम्ही आंधळगावले नेऊन द्या. पोरी अजून रविवारी दुपारी खेळतात. खुशबूले सुट्टी असली की ती शिकवते.

श्यामराव

*

ठाणा
२४ फेब्रुवारी २०२५

श्यामरावभाऊजी,

काल गेले होते. खुशबूने स्कूटीवर नेलं. वाटेत तिला सांगितलं की रतन मी आहे. तिने स्कूटी रस्त्याच्या कडेला घेतली, वळून माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "मॅडम, मी तुम्हाला लहानपणापासून मारून राहिले." मी म्हटलं, "तिने शिकवलेलं वाया गेलं नाही."

पुंडलिकरावांच्या ओसरीवर पोती सरकवलेली होती. चंद्रकांताच्या वहिनीने, गोदावरीबाईंनी चहा दिला, मी कोण हे विचारलं नाही. त्यांना माहीत होतं असं वाटलं.

फळी उभी होती. हिरवी, मध्यभागी चेंडूंनी खरवडलेली, आणि वर पांढऱ्या ऑइलपेंटने माझं नाव. अक्षर तिचंच, न ला नेहमीसारखी लांब शेपटी. रतनच्या कोपऱ्यावरचा रंग पार उडून लाकूड दिसत होतं. पाच वर्षं तिने तिथेच मारलं असेल. आमच्या सिस्टर खोटं बोलणाऱ्या मुलीला भिंतीकडे तोंड करून उभं करत. मला वाटत होतं ती शिक्षा माझ्या वाट्याला आली नाही.

मी फळीला हात लावला. थंडगार असेल असं उगाच वाटलं होतं. ऊन आलेलं होतं, गरम होती.

सहा मुली होत्या. मी म्हटलं, फळी खाली करा, आज पूर्ण टेबल. त्यांना आवडलं नाही. मोनू नावाची नऊ-दहा वर्षांची एक चिमुरडी आहे, तिच्या हातात मी चंद्रकांताची बॅट दिली. मूठ तिला मोठी होते. तिने विचारलं, "अन् रतन कोण होईल?"

"मी," मी म्हटलं.

"तुम्ही नाही होऊ शकत. रतन तं फळी आहे."

सगळ्या हसल्या. खुशबू हसली नाही.

खेळलो. मोनू टेबलाखाली बॅट फिरवते, दोनदा. जाळीजवळ हात पुसते, हात पोचत नाही म्हणून टाचा उचलून. भाऊजी, तो आवाज पुन्हा आला, चेंडू गिळल्यासारखा, आणि या वेळी तो खरोखर त्याच बॅटचा होता. पण मी जागेवर उभी राहिले.

आठ-आठ असताना तिचा एक चेंडू माझ्या डाव्या कोपऱ्यावर आला. तुमच्या हातच्या टेबलाची कड तुम्ही रंधा मारून गोल केलेली आहे, चाटलेला चेंडू तिथे नीट दिसतही नाही. माझ्याशिवाय कोणालाच दिसला नाही. मोनूने चेंडू उचलायला खाली वाकून म्हटलंही, "रतनले दिला."

"थांब," मी म्हटलं. "एज."

ती टेबलाखालून वर आली. माझ्याकडे अशी बघत होती की मी तिचा मोठा अपमान केला आहे. म्हणाली, "रतन एज नाही म्हणत कधी."

"आता म्हणते," मी म्हटलं. "नऊ-आठ. तुझी सर्व्हिस."

तिने बराच विचार केला. मग टाचा उचलून तळहात पुसला आणि म्हणाली, "चल वो."

तुमची,
रतन